रॅपमुळे मुलं हिंसक होतात का? आणि वहीतल्या त्या एका नावाचं काय करायचं?

न्यू जर्सीहून एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा १४ वर्षांचा, नववीत. दिवसभर कानात ड्रिल नावाचा रॅप. खोली आवरताना उशीखाली त्याची वही सापडली. तिच्यात त्याने स्वतः लिहिलेली गाणी आहेत आणि त्यांत बंदुका, 'ओप' (विरोधी बाजूचा माणूस), 'ब्लॉक' (टोळीची गल्ली), शिव्या सगळं आहे. एका ओळीत वर्गातल्या एका मुलाचं नावही आहे. नवरा म्हणतो, वय आहे, जाईल. पुण्याहून दीर फोनवर सांगतात, आधी मोबाइल काढून घ्या, या गाण्यांनीच तिकडची पोरं गोळ्या झाडतात. तर खरंच रॅपमुळे मुलं हिंसक होतात का, आणि आता वहीचं काय करायचं?

ताई, तुम्ही दोन वेगळे प्रश्न एकत्र विचारले आहेत. रॅपमुळे समाजात तरुणांची हिंसा वाढते का, हा एक. माझ्या मुलाला धोका आहे का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मी बऱ्यापैकी ठामपणे देऊ शकते: आजवरचा पुरावा तसं सांगत नाही. दुसऱ्याचं उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे. मुलगा नुसता ऐकतो, लिहितो, की रेकॉर्ड करून टाकतो? शाळेत त्याचं कुणाशी वैर चालू आहे का? घरात किंवा मित्राच्या घरात बंदूक आहे का? गाण्यात शिव्या किती आहेत यावर ते उत्तर ठरत नाही. तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती ओळ तुम्ही जाताजाता लिहिली आहे, नावाची. तिच्याकडे मी शेवटी येते, कारण ती इतकी महत्त्वाची का, हे आधी कळायला हवं.

आधी आरोपाकडे बघू. हिप-हॉपचा जन्म ११ ऑगस्ट १९७३ चा धरतात, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या एका इमारतीतल्या पार्टीत. पहिली कितीतरी वर्षं ते नाचायचं संगीत होतं. १९८० च्या दशकाच्या शेवटी गँगस्टा रॅप, म्हणजे टोळ्या आणि बंदुकांविषयीचा रॅप, आला. १९८९ मध्ये एफबीआयच्या एका अधिकाऱ्याने पोलिसांविरुद्धच्या एका गाण्याबद्दल रेकॉर्ड कंपनीला नाराजीचं पत्र पाठवलं. १९९२ मध्ये टेक्सासमध्ये एका १९ वर्षांच्या तरुणाने हायवे पोलिसाला गोळी घातली, तेव्हा त्याच्या गाडीत रॅप चालू होता. बचाव पक्षाने गाण्यांकडे बोट दाखवलं. ज्यूरीने ते मानलं नाही आणि त्याला मृत्युदंड झाला. मात्र 'गाणं ऐकलं आणि गोळी झाडली' हे चित्र लोकांच्या डोक्यात बसलं ते बसलंच.

त्याच काळात अमेरिकेत अल्पवयीन मुलांच्या हातून होणारे खून खरोखर भयंकर वाढले होते, हे मान्य करायला हवं. म्हणून दोन्हींची सांगड घातली गेली. पण गुन्हेशास्त्रज्ञ आल्फ्रेड ब्लमस्टीन यांनी या खुनांची हत्यारानुसार विभागणी केली. १९८५ नंतरच्या सात-आठ वर्षांत मुलांनी बंदुकीने केलेले खून दुपटीहून जास्त झाले होते. बंदुकीशिवायचे खून मात्र होते तिथेच होते. गाण्यांनी मुलांची मनं बिघडवली असती, तर चाकूने, काठीने, मुक्क्यांनी झालेले खूनही वाढायला हवे होते. ते वाढले नाहीत. म्हणजे मनांपेक्षा खिशात काय आलं, ते बदललं होतं.

ते कसं आलं, त्याची साखळीही ब्लमस्टीन यांनी मांडली आहे. क्रॅक कोकेनचा धंदा कोपऱ्याकोपऱ्यावर आला आणि विक्रीला लहान मुलं लावली गेली, कारण पकडली गेली तरी त्यांना शिक्षा कमी. त्या मुलांच्या अंगावर माल आणि रोकड असे, आणि लुटलं तर पोलिसांकडे जायची सोय नसे. म्हणून त्यांनी बंदुका बाळगल्या. त्यांच्याच शाळेत जाणारी, धंद्याशी काही संबंध नसलेली मुलं हे बघत होती, घाबरत होती. मग तीही बंदूक बाळगू लागली. एरवी नाक फुटून मिटलं असतं असं भांडण आता प्रेतावर संपायला लागलं.

१९९४ नंतर मुलांच्या हिंसक गुन्ह्यांतल्या अटका उतरत गेल्या आणि पुढच्या पंचवीस वर्षांत निम्म्याहूनही बऱ्याच खाली आल्या. देशाचा एकूण खुनांचा दर १९९१ मध्ये लाखामागे ९.८ होता, तो २०१४ मध्ये साडेचारच्या आसपास आला. याच काळात रॅप गल्लीतून निघून घराघरांत पोचला. २०१७ मध्ये हिप-हॉप आणि आर अँड बी मिळून अमेरिकेतला सगळ्यात जास्त ऐकला जाणारा प्रकार झाला. ऐकणारे कोट्यवधींनी वाढले आणि हिंसा निम्म्यावर आली. २०२० मध्ये खून एका वर्षात जवळजवळ ३० टक्क्यांनी वाढले हेही खरं, पण ते कोविडचं, शाळा बंद असण्याचं आणि बंदुकांच्या प्रचंड खरेदीचं वर्ष होतं. पुढे ते पुन्हा उतरले. मुलं ऐकत होती तीच गाणी.

आता दुसरी बाजू, कारण ती झाकून ठेवली तर मी तुम्हाला अर्धंच सांगितल्यासारखं होईल. हिंसक गाण्यांचा तात्पुरता परिणाम होतो. २००३ मध्ये क्रेग अँडरसन आणि सहकाऱ्यांनी पाचशेहून जास्त कॉलेज विद्यार्थ्यांवर पाच प्रयोग केले. हिंसक शब्दांचं गाणं ऐकवायचं आणि मग अर्धवट शब्द पुरे करायला द्यायचे. इंग्रजीत एच, मग रिकामी जागा, मग टी. गाणं ऐकलेली मुलं तिथे 'हॅट'पेक्षा 'हिट' जास्त भरत. म्हणजे डोक्यात त्या क्षणी मारामारीचे शब्द वर आलेले असतात. पण हे लगेचचं, थोड्या वेळाचं मोजमाप आहे, आणि शब्द भरणं म्हणजे कुणाला मारणं नव्हे. त्या प्रयोगांतली बरीच गाणी रॅप नव्हतीच, रॉक होती.

दुसरा अभ्यासही २००३ चाच. अलाबामातल्या १४ ते १८ वयाच्या ५२२ कृष्णवर्णीय मुलींवर वर्षभर लक्ष ठेवलं. रॅपचे व्हिडिओ जास्त बघणाऱ्या मुलींनी शिक्षकांवर हात उगारण्याची शक्यता तिप्पट आणि अटक होण्याची अडीचपट निघाली. हा आकडा पालकांना घाबरवतो आणि घाबरवणारच. पण जी मुलगी शाळा बुडवते, जिच्या घरी लक्ष ठेवायला कुणी नाही, जिच्या वस्तीत रोज मारामाऱ्या होतात, ती टीव्हीसमोरही जास्त बसते आणि भांडणांतही जास्त सापडते. व्हिडिओ आणि मार एकाच घरातून येत असतील, तर एकामुळे दुसरं झालं असं म्हणता येत नाही. शाळांमधल्या माझ्या कामात जी मुलं खरोखर अडचणीत असतात ती बहुतेक सगळी रॅप ऐकतात. जी अजिबात अडचणीत नसतात, तीही ऐकतात. त्यामुळे धोका ओळखायला ही खूण कामाची नाही.

आपल्या कानांचाही यात वाटा आहे. कॅरी फ्राइड यांनी १९९० च्या दशकात एक साधा प्रयोग केला. पोलिसाला गोळी घालण्याविषयीच्या एका जुन्या लोकगीतातल्या ओळी कागदावर छापल्या. काहींना सांगितलं हे रॅप आहे, काहींना सांगितलं कंट्री, म्हणजे अमेरिकेतलं गावाकडचं संगीत, आहे. शब्द तेच. रॅप म्हणून वाचणाऱ्यांना ते जास्त घातक वाटले. २०१६ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी हे पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच निघालं. तुम्ही वही वाचताना घाबरलात यात तुमचं काही चुकलं नाही. पण त्या भीतीतली किती शब्दांमुळे आहे आणि किती त्या ठेक्याच्या ओळखीमुळे, हे वेगळं करावं लागेल.

वेगळं करायला एक ओळखीचं माप देते. कलगी-तुऱ्याच्या फडात एक शाहीर दुसऱ्याची घमेंड भर सभेत उतरवतो, कोड्यात पकडतो, त्याच्या गुरूपर्यंत जातो. रात्रभर सवाल-जवाब चालतात. ते ऐकून कुणी म्हणत नाही की या दोघांचे मुडदे पडणार. रॅपमधला 'मी' बहुतेक वेळा असाच फडातला 'मी' असतो: सगळ्यांत शूर, सगळ्यांत श्रीमंत, सगळ्यांत खतरनाक. १४ वर्षांच्या मुलाला, ज्याचं आडनाव वर्गात कुणी धड उच्चारत नाही, तो 'मी' अंगावर चढवून बघावासा वाटतो.

पण ड्रिलमध्ये एक खरी भानगड आहे, आणि इथे मी तुमच्या यजमानांशी सहमत नाही. ड्रिल २०१० नंतर शिकागोच्या साउथ साइडला वाढलं, मग लंडन, मग ब्रुकलिन. त्यातली काही गाणी खऱ्या टोळ्यांच्या खऱ्या वैरातून येतात. 'ओप' म्हणजे विरोधी बाजूचा माणूस. 'लॅकिंग' म्हणजे बेसावध, एकटा सापडणं. मेलेल्या माणसाच्या नावाला 'पॅक' जोडतात, म्हणजे आम्ही त्याला चिलमीत भरून ओढतोय. ज्याचा भाऊ खरंच मेलाय त्याने हे ऐकलं तर काय होईल, हे सांगायला तज्ज्ञ नको.

फॉरेस्ट स्टुअर्ट या समाजशास्त्रज्ञाने शिकागोतल्या अशा मुलांबरोबर दोन वर्षांहून जास्त काळ घालवला. त्याला दिसलं ते असं: व्हिडिओतली बंदूक, गाडी, नोटांची थप्पी बरेचदा उसनी. ऑनलाइन धमक्यांपैकी बहुतेक तिथेच विरतात. थोड्या मात्र रस्त्यावर उतरतात, आणि त्या सहसा तीन तऱ्हेच्या असतात. कुणी दुसऱ्याची खरी माहिती खोदून काढून तो शूर नाही हे जगाला दाखवतं. कुणी 'एवढा आहेस तर ये, इथे उभा आहे' असं थेट बोलावतं. कुणी त्याला एकटं गाठून त्याच्या फजितीचा व्हिडिओ टाकतं. तिन्हींत काय सारखं आहे बघा. समोर एक ठरावीक माणूस आहे, त्याला नाव आहे, आणि त्याची मान चारचौघांत खाली गेली आहे. ठेका आणि शिव्या सगळ्याच गाण्यांत असतात, नाव फार थोड्यांत.

न्यायालयांनीही शेवटी जवळपास हीच रेघ ओढली आहे. तुमच्याच न्यू जर्सीत खुनाच्या प्रयत्नाच्या एका खटल्यात आरोपीच्या गाण्यांची १३ पानं ज्यूरीला वाचून दाखवली होती. त्यातली बरीच घटनेच्या कितीतरी आधी लिहिलेली, आणि जखमी माणसाचा त्यांत उल्लेखही नाही. २०१४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गुन्ह्याशी ठोस दुवा नसेल तर असं साहित्य पुरावा म्हणून आणू नये. बॉब मार्लीने शेरीफला मारल्याचं गाणं गायलं म्हणून त्याने मारलं असं आपण धरत नाही, हे उदाहरण त्याच निकालातलं. शेजारच्या पेनसिल्वेनियात २०१८ मध्ये उलटा निकाल लागला. तिथे एका तरुणाने गाण्यात पिट्सबर्गच्या दोन पोलिसांची नावं घेतली होती, तेही त्याच्यावर खटला चालू असताना. तिथलं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, ही कला नाही, ही धमकी आहे. दोन्ही गाणी रॅप, दोन्हींत हिंसा. फरक पडला तो नावांनी आणि त्यामागच्या खऱ्या प्रकरणाने.

हिंसा कमी करून दाखवणाऱ्यांनी कशावर काम केलं, तेही बघण्यासारखं आहे. बॉस्टनमध्ये १९९० च्या दशकात पोलीस, चर्चचे लोक आणि संशोधक एकत्र बसले, तेव्हा लक्षात आलं की शहरातल्या तरुणांपैकी एक टक्क्याहून कमी, सुमारे १,३०० मुलं, तरुणांच्या निदान ६० टक्के खुनांत या ना त्या बाजूने गुंतली आहेत. त्यांनी त्या मुलांना समोर बसवलं, गोळीबार थांबला नाही तर काय होईल हे स्पष्ट सांगितलं, आणि नोकरी-शिक्षणाची मदतही पुढे केली. तरुणांच्या खुनांचं मासिक प्रमाण ६३ टक्क्यांनी उतरलं. शिकागोत १,६३४ मुलांच्या एका चाचणीत ज्यांना उन्हाळ्यात आठ आठवड्यांचं अर्धवेळ काम दिलं, त्यांच्या हिंसक गुन्ह्यांतल्या अटका पुढच्या सोळा महिन्यांत ४३ टक्क्यांनी कमी झाल्या. यांत कुणाची गाणी बंद केली नव्हती.

शिकागोतल्याच 'बिकमिंग अ मॅन' या शालेय कार्यक्रमातला पहिला खेळ तर तुम्ही घरीही करून बघू शकता. मुलांच्या जोड्या लावतात. एकाच्या हातात चेंडू देतात आणि दुसऱ्याला सांगतात, ३० सेकंदांत तो मिळव. मुलं ढकलतात, बोटं पिरगाळतात, जमिनीवर लोळतात. मग चेंडू दुसऱ्याकडे देऊन पुन्हा तेच. शेवटी गटप्रमुख विचारतो, कुणी नुसता मागितला का नाही? उत्तर येतं, तो मला लेचापेचा समजला असता. मग तो समोरच्याला विचारतो, मागितला असता तर? तो म्हणतो, दिला असता की, चेंडूच तर आहे. आपण न थांबता, न विचारता कशी प्रतिक्रिया देतो हे मुलाला स्वतःच्या अंगावर दिसतं. अशा तासांनी हिंसक गुन्ह्यांतल्या अटका त्या वर्षात जवळपास निम्म्या झाल्या. मानापमानाच्या त्या एका क्षणात मूल काय करतं, यावर सगळं ठरतं.

आता तुमच्या घराकडे. मोबाइल काढून घेऊ नका. १४ व्या वर्षी गाणी बंद होत नाहीत, फक्त तुमच्यापासून लपतात, आणि त्याच्या जगात डोकवायची तुमच्याकडे असलेली एकमेव खिडकी बंद होते. स्पॉटिफायवर 'एक्सप्लिसिट' गाणी बंद करण्याची सोय आहे, ११-१२ वर्षांच्या मुलाला ती जरूर लावा. पण गाण्यापुढची 'ई'ची खूण मुख्यतः शिव्या आणि अश्लील शब्दांसाठी असते. शिव्या पुसलेल्या आवृत्तीत खऱ्या माणसाला दिलेली धमकी तशीच राहू शकते.

त्याऐवजी त्याला म्हणा, तुझी आवडती तीन गाणी मला ऐकव. गाडीत ऐका, स्पीकरवर. शेजारी बसलेलं मूल समोर बसलेल्या मुलापेक्षा जास्त बोलतं, कारण नजर रस्त्यावर असते. पहिलं गाणं संपेपर्यंत एक शब्द बोलू नका. बहुतेक आई-बाबा इथेच चुकतात, पहिल्या शिवीला 'शी, काय हे' म्हणतात आणि पुढचं सगळं संपतं. जीनियस या साइटवर बोल आणि त्यांचे अर्थ असतात, ते त्याच्यासोबत वाचा. मग तीनच प्रश्न विचारा. यातला 'मी' खरा आहे की पात्र? यात कुणा खऱ्या माणसाचं नाव आहे का? आणि इथे ज्याचा अपमान झाला, त्याने काहीच केलं नसतं तर काय बिघडलं असतं? तिसऱ्या प्रश्नावर मुलं थांबतात. तिथे घाई करू नका.

एक गोष्ट मात्र त्याच वेळी स्पष्ट सांगा. या गाण्यांत कृष्णवर्णीय गायक जो 'एन'चा शब्द (कृष्णवर्णीयांसाठीची जुनी वर्णद्वेषी शिवी) वापरतात, तो आपल्या मुलाने तोंडाने म्हणायचा नाही, गाण्यासोबतही नाही, मित्रांमध्येही नाही, वहीतही नाही. आपली मुलं 'मी पण ब्राऊन आहे' म्हणून तो सहज वापरतात. शाळेत त्यावरून निलंबन होतं, त्याहून वाईट म्हणजे वर्गातल्या कुणाला खरंच इजा होते. हिंसेच्या भीतीत पालक हे सांगायचं विसरतात.

बंदुकीचं बोला. २०२० पासून अमेरिकेत १ ते १९ वयाच्या मुलांच्या मृत्यूचं पहिलं कारण बंदूक आहे, रस्ते अपघातांच्याही वर. तुमच्या घरी असेल तर गोळ्या काढलेली, कुलपात, आणि गोळ्या वेगळ्या कुलपात, किल्ली मुलाला सापडणार नाही अशी. नसेल तर तो ज्यांच्याकडे राहायला जातो त्यांना विचारा. आपल्याला संकोच वाटतो, पण शेंगदाण्याची ॲलर्जी आणि कुत्रा याबद्दल विचारतो त्याच दमात विचारता येतं: 'घरात बंदूक आहे का, आणि ती कुलपात असते ना?' गाण्यांवर घालवलेल्या दहा संध्याकाळींपेक्षा या एका प्रश्नाने जास्त जीव वाचतात.

दिरांच्या काळजीलाही उत्तर द्यायला हवं. पुण्यात गेल्या काही वर्षांत कोयते नाचवणारी पोरं आणि त्यांचे रील्स हा खराच प्रश्न झाला आहे. पण तिथल्या रील्सना रॅपच लागतो असं नाही, 'भाई'छाप कुठलंही गाणं चालतं. तिथेही रीलमध्ये कोयता दिसतो का, आणि त्याखाली कुणाला टॅग केलंय, हेच बघायला हवं. महाराष्ट्रात २०२३ मध्ये काही मराठी रॅपर्सवर गुन्हे दाखल झाले ते राजकीय गाण्यांवरून, मारामारीवरून नव्हेत. पंजाबात सरकारने २०२२ मध्ये बंदुकांचा उदोउदो करणाऱ्या गाण्यांवर बंदी घातली, पण त्याच आदेशात हत्यारांच्या जाहीर प्रदर्शनावरही बंदी होती. माझ्या मते त्यातला कामाचा भाग दुसरा.

आता ती वही. तुम्ही लिहिलेल्या ओळींत 'ब्लॉक' आहे, पण तो टाउनहाउस कॉम्प्लेक्समध्ये राहतो. 'ओप' आहे, पण कोण ते नाही. बंदुकीचं इंग्रजी टोपणनाव आहे, ते गाण्यांतून उचललेलं. यमकं जुळवण्यासाठी खाडाखोड केलेली आहे, एका ओळीखाली मात्रा मोजल्यासारख्या बारीक रेघा आहेत. हे सगळं रियाजाचं आहे आणि त्याची मला काळजी वाटत नाही. काळजी त्या नावाची आहे, कारण सगळ्या पानांत तो एकच शब्द गाण्यांतून आलेला नाही. तो शाळेतून आलाय.

शाळांमध्ये धमकीचं मूल्यांकन करताना आम्ही दोन गटांत विचार करतो. क्षणिक धमकी, म्हणजे रागात किंवा फुशारकीत म्हटलेली, जी बोलणं झाल्यावर विरते. आणि ठोस धमकी, जिच्यामागे टिकून राहिलेला हेतू असतो. ठोसपणाच्या खुणा अशा: ठिकाण, वेळ किंवा पद्धत ठरलेली असणं, तीच गोष्ट पुन्हापुन्हा म्हणणं, हत्यार मिळवण्याचा प्रयत्न, साथीदार जमवणं. तुमच्याकडे फक्त एक नाव आहे, म्हणून अजून काहीच ठरवू नका. विचारा.

आज रात्री, जेवणं झाल्यावर, धाकट्या भावंडांसमोर नाही. वही पाठीमागे लपवून जाऊ नका, हातात घेऊन जा. 'तुझी वही मी वाचली. तुला न विचारता वाचली, ते माझं चुकलं. गाण्यांबद्दल मला ओरडायचं नाहीये. पण यात एक नाव आहे. तुमचं दोघांचं काय झालंय?' मग गप्प बसा. उत्तर पहिल्या मिनिटात येणार नाही. 'काही नाही' असं येईल. तिथून उठू नका.

तो बोलला की चार गोष्टी कानांत तेल घालून ऐका. हात उगारण्यापर्यंत गेलंय का, आणि मार कुणी खाल्ला? मार खाल्लेलं मूलच पुढच्या वेळी तयारीने जातं, त्यामुळे तुमचा मुलगा बळी असेल तर धोका कमी होत नाही, वाढतो. ही ओळ कुणाला पाठवली, गायली, रेकॉर्ड केली का? भोवती कोण आहे, जो 'तू काही करणार की नाही' असं डिवचतोय? आणि हातात येईल असं हत्यार कुठे आहे का?

भांडण फुटकळ निघालं, संपलेलं निघालं, तर प्रकरण तिथेच ठेवा. तो मुलगा त्याला सतत छळत असेल, तर शाळेत लेखी तक्रार करा, तोंडी नको. न्यू जर्सीच्या २०११ च्या कायद्याप्रमाणे शाळेला एका शालेय दिवसात चौकशी सुरू करावी लागते आणि लेखी तक्रारीपासून दहा शालेय दिवसांत संपवावी लागते. ऑनलाइन काही चालू असेल तर खोडण्याआधी स्क्रीनशॉट काढा, तारीख आणि खात्याचं नाव दिसेल असे. समोरच्या पालकांना रागात फोन करू नका. त्या फोननंतर दोन मुलांचं भांडण दोन घरांचं होतं.

आणि वेळ, जागा, हत्यार यांपैकी काही त्याच्या तोंडून आलं, तर सकाळची वाट बघू नका. राज्याच्या २०२२ च्या कायद्याने शाळांना थ्रेट असेसमेंट टीम, म्हणजे धमकीचं मूल्यांकन करणारा गट, ठेवावी लागते, त्यांना कळवा. हत्यार हाताशी असेल तर ९११, म्हणजे आणीबाणीचा नंबर. 'जगण्यात अर्थ नाही' असं काही निघालं तर ९८८ ही आत्महत्या रोखणारी हेल्पलाइन, तिथे चोवीस तास माणूस भेटतो. शाळेला कळवलं की पोलीसही येऊ शकतात, हे मी लपवत नाही. तुमचं इमिग्रेशन व्हिसावर असेल तर मुलाने लेखी जबाब देण्याआधी वकिलाशी बोला. पण वकिलासाठी कळवणं लांबवू नका.

बहुतेक वेळा इतकं काही निघत नाही. निघतं ते असं की जेवणाच्या टेबलावर कुणीतरी त्याच्या डब्याला नाक मुरडलं, सगळे हसले, आणि तो घरी येऊन लिहीत बसला. तसं असेल तर वही त्याच्या हातात द्या, उशीखाली गुपचूप ठेवू नका. पान फाडायला सांगू नका. एवढंच सांगा की हे नाव खोड, कारण ज्याच्या हाती हे पान पडेल त्याला ते गाणं वाटणार नाही. नाव खोडलं की ओळीत दोन-तीन मात्रा कमी पडतील आणि ठेका चुकेल. तिथे काय बसवायचं ते त्याला शोधू द्या, आणि सापडलं की म्हणून दाखव म्हणा.